एका रेघेचा दाखला
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय बोटभर लांबीच्या एका पट्टीचा आहे. करोनाच्या साथीने ज्या नव्या गोष्टी आपल्या घरात आणून ठेवल्या, त्यांपैकी घरच्या घरी करावयाची रॅपिड अँटिजेन तपासणी ही एक होय. नाकात काडी फिरवावी, ती नळीतल्या द्रावात घोळावी, पट्टीवर थेंब टाकावेत आणि पंधरा मिनिटे घड्याळाकडे पाहत बसावे. दोन रेघा आल्या तर आजार आहे आणि एकच आली तर नाही, असा सरळ अर्थ आपण लावतो. करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तरीही हा विषाणू आपल्यातून गेलेला नाही आणि इन्फ्लुएन्झा तर पावसाळ्यात व थंडीत येतच असतो. म्हणून हा सरळ अर्थ कितपत खरा आहे, हे पाहणे आजही अगत्याचे आहे.

माझ्या सांगण्याचे सार प्रारंभीच सांगून ठेवतो. ताप-खोकला असताना आलेल्या दोन रेघा खऱ्या मानाव्यात. एक रेघ मात्र निरोगीपणाचा दाखला समजू नये. हे असे का, हे समजले म्हणजे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. वाचकहो, हे भाषण आता छापून आपल्या हाती येत आहे, तेव्हा पुढे येणारे छोटेसे गणित कागद-पेन्सिल घेऊन आपण स्वतः करून पाहावे, अशी विनंती आहे.

प्रथम ही पट्टी पाहते तरी काय, ते पाहू. विषाणूच्या अंगी काही ठरावीक प्रथिने असतात. त्यांना प्रतिजन किंवा अँटिजेन म्हणतात. करोनाच्या बहुतेक पट्ट्या विषाणूच्या गाभ्याला वेढून असणारे प्रथिन शोधतात. त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे पट्टीवर आधीच बसवलेली असतात आणि त्यांच्या जोडीला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांसारखा रंग देणारा पदार्थ असतो. नमुन्यात प्रथिन पुरेसे असेल तर ते टी या अक्षरापाशी अडकते आणि रंगीत रेघ उमटते. गरोदरपणाची घरगुती तपासणी याच तत्त्वावर चालते. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ज्या रॅपिड किट्सचा वापर थांबविण्यास राज्यांना सांगितले होते, त्या रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या होत्या. त्या वेगळ्या आणि नाकातील विषाणूचे प्रथिन पाहणाऱ्या या वेगळ्या.

मुद्द्याची गोष्ट अशी की, पट्टी जे आहे तेवढेच पाहते. त्यात वाढ करीत नाही. प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर तपासणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती काढीत जाते. प्रत्येक फेरीत प्रतींची संख्या साधारण दुप्पट होते. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्यास ठाऊक आहेच. त्याच हिशेबाने एका प्रतीच्या तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. म्हणूनच पीसीआरला थोडासा विषाणूही सापडतो. पट्टीला मात्र तो भरपूर असावा लागतो. पट्टीचे बहुतेक सर्व गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

आता तपासणीची अचूकता म्हणजे काय? तांदूळ निवडण्याचा दाखला घेऊ. निवडणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. तांदळात खडा राहून जाईल, ही पहिली. आणि खड्यांबरोबर चांगला दाणाही फेकला जाईल, ही दुसरी. शंभर खड्यांपैकी किती सापडले, याला तपासणीच्या भाषेत संवेदनशीलता म्हणतात. शंभर चांगल्या दाण्यांपैकी किती चांगले म्हणूनच ठेवले गेले, याला विशिष्टता म्हणतात. अमुक तपासणी ‘इतके टक्के अचूक’ असे नुसते कोणी म्हणाले, तर कोणत्या चुकीबद्दल तो बोलतो आहे, हे आपण विचारले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये या पट्ट्यांसाठी किमान अट घातली, तीही अशी दुहेरी होती: संवेदनशीलता निदान ८० टक्के आणि विशिष्टता निदान ९७ टक्के.

प्रत्यक्षातील आकडे पाहू. आपल्या देशात १४ जून २०२० रोजी वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिल्या अँटिजेन किटच्या वापरास मान्यता देणारी सूचना काढली. त्या किटची दोन ठिकाणी स्वतंत्र तपासणी झाली होती. विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आढळली. संवेदनशीलता मात्र ५०.६ ते ८४ टक्के होती आणि हा फरक रुग्णाच्या नमुन्यातील विषाणूच्या प्रमाणानुसार पडत होता. पुढे जुलै २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात एक लाखाहून अधिक नमुन्यांचा हिशेब आहे. लक्षणे असलेल्या माणसांत शंभर बाधितांपैकी ७३ पट्टीला सापडले. लक्षणे नसलेल्यांत सुमारे ५५. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात शंभरांतले सुमारे ८१ सापडले, दुसऱ्या आठवड्यात सुमारे ५४. विशिष्टता मात्र दोन्ही गटांत ९९ टक्क्यांच्या वरच राहिली.

या आकड्यांचा अर्थ असा की, पट्टी निष्कारण दोष देत नाही, पण दोषी मात्र पुष्कळ सोडून देते. तांदळाचा दाणा क्वचितच फेकला जातो. खडे मात्र राहून जातात.

हे केवळ करोनाचेच नाही. २०१२ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या रॅपिड तपासण्यांवरील १५९ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विशिष्टता ९८ टक्के आणि संवेदनशीलता अवघी ६२ टक्के निघाली. मुलांत ती सुमारे ६७ आणि प्रौढांत सुमारे ५४ होती. तान्ह्या मुलांच्या छातीला त्रास देणारा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. त्याच्या तपासणीत हा फरक फारच मोठा आहे. २०१५ मधील आढाव्यात मुलांत ८१ टक्के आणि प्रौढांत केवळ २९. मुलांच्या नाकात विषाणू अधिक प्रमाणात व अधिक दिवस असतो, हे याचे मुख्य कारण. म्हणजे एकच पट्टी नातवाच्या बाबतीत बरीच भरवशाची आणि आजोबांच्या बाबतीत बेभरवशाची ठरू शकते. अचूकता नुसती पट्टीत नसते; ती कोणाला, केव्हा आणि कोणाच्या हाताने लावली, यावरही अवलंबून असते.

यातला ‘कोणाच्या हाताने’ हा भाग घरगुती तपासणीत फार महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली एका पट्टीची पद्धतशीर पारख झाली. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांच्या हाती तिने शंभरांतले सुमारे ७९ बाधित ओळखले. ज्यांनी केवळ लेखी सूचना वाचून ती वापरली, त्या सामान्य माणसांच्या हाती हेच प्रमाण सुमारे ५८ वर आले. पट्टी तीच आणि विषाणूही तोच होता.

येथे पुष्कळांची एक गैरसमजूत आहे. सी या अक्षरापाशी रेघ आली म्हणजे आपण सारे बरोबर केले, असे त्यांना वाटते. बहुतेक पट्ट्यांत ती रेघ एवढेच सांगते की द्राव पट्टीवरून नीट वाहत गेला आणि पट्टीतील रसायने काम करीत आहेत. काडी नाकात पुरेशी आत गेली होती की नाही, तिला स्राव लागला होता की नाही, हे ती सांगत नाही. काडी नाकात न घालता तशीच द्रावात बुडवली, तरी सीची रेघ बहुधा येईलच. म्हणून रेघ पाहण्याआधी आपला हात पाहावा. काडी सूचनेप्रमाणे दोन्ही नाकपुड्यांत, सांगितलेल्या खोलीपर्यंत, सांगितले तितके वेळा फिरवली पाहिजे. थेंब मोजून टाकले पाहिजेत. रेघ ठरलेल्या वेळीच वाचली पाहिजे. फार लवकर वाचली तर फिकी रेघ उमटलेली नसते आणि तासाभराने वाचली तर वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते. वेळेत दिसलेली टीची रेघ फिकी असली तरी ती रेघच होय. बहुतेक किट्स २ ते ३० अंश तापमानात ठेवावयाचे असतात. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत पत्र्याखालच्या खोलीत महिनाभर पडून राहिलेल्या किटकडून फार अपेक्षा करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या कामाची एक गोष्ट. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडमधील शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा माध्यमिक शाळांतील मुलांनी आठवड्यातून दोनदा घरी तपासणी करावी, असे ठरले. काही मुलांनी पट्टीवर संत्र्याचा रस किंवा कोला टाकून दोन रेघा मिळवल्या आणि शाळा चुकवली! शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले. अशी पेये आम्ल असतात आणि आम्लामुळे पट्टीवरील प्रतिपिंडांचा आकार बिघडून ती रंगाच्या कणांना उगीचच धरून ठेवतात. तीच पट्टी नंतर नळीतल्या द्रावाने धुतली, तर रेघ नाहीशी झाली. किटमधला द्राव नुसते पाणी नसून आम्लता योग्य पातळीवर ठेवणारा आहे, हे यावरून दिसते. या मुलांची युक्ती अनुकरणीय नाही, पण त्यामागचे रसायनशास्त्र मात्र जरूर शिकावे.

आता गणिताकडे येऊ. कॉक्रेनचेच आकडे घेऊ. समजा, एका मोठ्या शाळेत २००० मुले आहेत, कोणालाही काही लक्षण नाही आणि गावात साथही नाही. त्यांतील १० जण बाधित आहेत असे धरू. पट्टी त्यांतील साधारण ५ ओळखेल आणि ५ सोडून देईल. उरलेली १९९० मुले निरोगी आहेत. विशिष्टता ९९.७ टक्के धरली, तरी हजारांत तीन या हिशेबाने त्यांतील ६ जणांच्या पट्टीवर दोन रेघा येतील. म्हणजे एकूण ११ मुले ‘बाधित’ ठरली, त्यांतील खरी ५ आणि ६ निष्कारण घरी बसली.

आता दुसरे चित्र घेऊ. साथ जोरात आहे, ताप-खोकला असलेली २०० माणसे आली आहेत आणि त्यांतील ६० जण खरोखर बाधित आहेत. शंभरांत ७३ या हिशेबाने पट्टी ४४ जणांना ओळखेल आणि १६ जणांना सोडून देईल. १४० अबाधितांपैकी एखाद्यालाच चुकून दोन रेघा येतील. म्हणजे दोन रेघा आलेल्या ४५ जणांपैकी ४४ खरे! पण ज्यांना एकच रेघ आली, त्या १५५ जणांत १६ बाधित लपलेले आहेत. दहांत एक म्हणावे इतके हे प्रमाण आहे.

पट्टी तीच असूनही पहिल्या चित्रात दोन रेघांवर निम्माही भरवसा नाही आणि दुसऱ्या चित्रात जवळजवळ पूर्ण आहे. पहिल्या चित्रातील एका रेघेवर मात्र हरकत नाही, कारण १९८९ जणांत ५ च सुटलेले आहेत. दुसऱ्या चित्रातील एक रेघ धोक्याची आहे. म्हणून रेघ वाचण्यापूर्वी आपण कोणत्या चित्रात उभे आहोत, हे स्वतःला विचारावे. अंगात ताप आहे का? घरात वा वर्गात कोणी आजारी आहे का? गावात साथ आहे का?

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती किटला वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिली. भारतातील ही अशी पहिलीच मान्यता होती आणि किटची किंमत २५० रुपये होती. त्या वेळच्या परिषदेच्या सूचना आता पुन्हा वाचून पाहाव्यात. तपासणी लक्षणे असलेल्यांनी आणि बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्यांनी करावी, सरसकट करू नये, असे त्यांत होते. दोन रेघा आल्या तर बाधित समजावे, फेरतपासणीची गरज नाही. लक्षणे असून एक रेघ आली तर ताबडतोब आरटी-पीसीआर करून घ्यावी. त्या काळी हे नियम काहींना मनमानी वाटले. आपण आत्ता केलेले गणित पाहिले म्हणजे त्यांतील प्रत्येक वाक्याचे कारण कळते.

येथे पट्टीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पीसीआरला आजार बरा झाल्यावरही काही आठवडे विषाणूचे निर्जीव अवशेष सापडतात. तो माणूस आता दुसऱ्याला आजार देत नाही. पण पट्टीने त्याला सोडून दिले, की ती ‘चुकली’ अशीच नोंद होते. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात लक्षणे नसलेल्या लोकांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली. ज्यांची पट्टी आणि पीसीआर या दोन्ही तपासण्या झाल्या, त्यांत पीसीआरने बाधित ठरवलेल्या ७० जणांपैकी पट्टीला केवळ २८ सापडले, म्हणजे शंभरांत ४०. परंतु ज्यांच्या नमुन्यात विषाणू सर्वाधिक होता, त्यांच्यातील सुमारे ९० टक्के सापडले. आजार पसरवण्याचा संभव अशांकडूनच अधिक असतो. शिवाय त्या काळी पीसीआरचा अहवाल हाती येण्यास कधी दोन-दोन दिवस लागत; पट्टी पंधरा मिनिटांत सांगते. उशिरा आलेल्या पूर्ण सत्यापेक्षा वेळेवर आलेले अर्धे सत्य कधीकधी अधिक उपयोगी पडते. मात्र ते अर्धे आहे, हे लक्षात ठेवावयास हवे.

या अर्ध्याचे पाऊण कसे करावे, यालाही उत्तर आहे. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत विषाणू झपाट्याने वाढत असतो. आज जो पट्टीच्या नजरेस पडला नाही, तो परवा पडू शकतो. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये करोनाच्या घरगुती तपासणीसाठी सल्ला दिला, तो असा: लक्षणे असतील आणि एक रेघ आली तर ४८ तासांनी पुन्हा तपासावे. लक्षणे नसून संपर्क आला असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा तपासावे. एकाच दिवशी तीन पट्ट्या वापरून मात्र हा लाभ मिळत नाही, कारण तेवढ्या वेळात विषाणू वाढलेला नसतो.

पट्ट्या सुधारत आहेत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने करोना आणि इन्फ्लुएन्झा यांची एकत्र तपासणी करणाऱ्या एका घरगुती किटला परवानगी दिली. तिच्या चाचणीत करोनाचे ९२ टक्के, इन्फ्लुएन्झा अ चे ९२.५ टक्के आणि इन्फ्लुएन्झा ब चे ९०.५ टक्के बाधित नमुने ओळखले गेले. तरीसुद्धा, एक रेघ येऊनही लक्षणे चालू राहिली तर डॉक्टरांकडे जावे, असे प्रशासनाने बजावलेच. कोणत्याही वेष्टनावर मोठा आकडा दिसला, की आपण चार प्रश्न विचारावेत. तपासलेली माणसे आजारी होती की धडधाकट? कितव्या दिवशी तपासली? काडी कोणी फिरवली? आणि खरे-खोटे कशाच्या आधारे ठरवले? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता हे सारे आपल्या घरात आणून पाहू. मुलगा वसतिगृहातून सुट्टीला घरी आला आहे. अंग कोमट आहे, घसा खवखवतो आहे. घरात दादी आहे, तिला मधुमेह आणि दमा दोन्ही आहेत. तो पट्टी लावतो, एक रेघ येते आणि ‘दादी, काही नाही, मी अगदी ठीक आहे’ म्हणून तिच्या पलंगावर जाऊन बसतो. यात त्याचा हेतू चांगला आहे आणि पट्टीनेही आपले काम केले आहे. चूक झाली ती अर्थ लावण्यात. ‘या घटकेला, या नमुन्यात, मला पुरेसा विषाणू दिसला नाही’, एवढेच पट्टीने सांगितले होते; ‘तू दादीजवळ बस’ असे सांगितले नव्हते. पट्टी घरात नसती, तर तापाच्या अंगाने हा मुलगा कदाचित दूरच राहिला असता. खोटा दिलासा हा अज्ञानापेक्षाही घातक असतो, तो या अर्थाने.

म्हणून पालकांना आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना माझे सांगणे असे आहे. लक्षणे असतील तर रेघ कोणतीही येवो, दोन दिवस मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वृद्ध, गरोदर व जुने दुखणे असलेल्या माणसांपासून दूर राहावे. ४८ तासांनी पुन्हा तपासावे. दोन रेघा आल्या तर ते लपवू नये; ज्यांच्याशी संपर्क आला त्यांना कळवावे. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस गुंगीत जात असेल, तर पट्टीचा विचारच करू नये. सरळ दवाखाना गाठावा. आणि काहीही लक्षण नसताना, साथ नसताना, अकस्मात दोन रेघा आल्या, तर घाबरून न जाता वेगळे राहून पीसीआरने खात्री करून घ्यावी. शिक्षकांनीही, तापलेल्या अंगाने आलेल्या मुलाला केवळ एका रेघेचा फोटो पाहून वर्गात बसवू नये. तसेच दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाची हजेरी हा त्याचा अपराध मानू नये. मुलाला खरे सांगण्याची भीती वाटणार असेल, तर जगातील कोणतीही तपासणी उपयोगी पडणार नाही.

आपल्या भाषेत तपासणीला कसोटी हाही एक शब्द आहे. कसोटी म्हणजे सोनाराचा काळा दगड. त्यावर सोने घासून रेघ उमटवतात आणि तिचा रंग पाहून कस ठरवतात. त्या रेघेचा अर्थ दगड सांगत नाही, सोनाराचा अभ्यासलेला डोळा सांगतो. विज्ञानाने आपल्या हाती पंधरा मिनिटांत रेघ उमटवणारी पट्टी दिली, हे मोठेच उपकार आहेत. ती वाचणारा डोळा मात्र शिक्षणानेच तयार होतो आणि तो तयार करणे हे आपल्या शाळांचे काम आहे.